आम्ही आणि आपण

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे गाव तेथील प्राचीन शिवालयामुळे सर्वत्र प्रसिद्ध आहे. महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते आणि दूरदूरचे भाविक नागनाथाच्या दर्शनास येतात. ही यात्रा सरून काही आठवडे लोटले, चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले, की याच गावात रात्रीच्या वेळी निराळ्याच गर्दीचे घोळके दिसू लागतात. कोठे ओसरीवर, कोठे दुकानाच्या पायरीवर, कोठे चहाच्या टपरीपाशी लहानथोर मंडळी पडद्याकडे डोळे लावून बसलेली असतात. क्रिकेटचा सामना अगदी रंगात आलेला असतो. अखेरचा चेंडू सीमापार जातो आणि बारा वर्षांचा एखादा मुलगा टुणकन उडी मारून ओरडतो, “आम्ही जिंकलो!”

मुलांनो, हा उद्गार तुम्हीही अनेकदा काढला असेल. परंतु त्यातील ‘आम्ही’ म्हणजे कोण, याचा विचार कधी केला आहे काय?

त्या मुलाने सामन्यात बॅट हाती धरलेली नाही, की एकही चेंडू टाकलेला नाही. तो मुंबईच्या संघाचा चाहता आहे. परंतु मुंबई त्याच्या गावापासून रस्त्याने पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. संघातील एकाही खेळाडूस त्याचे नाव ठाऊक नाही. विजेत्यांना मिळणाऱ्या बक्षिसातील एक रुपयाही त्याच्या वाट्यास येणार नाही. बरे, ते खेळाडू तरी सगळे मुंबईचे कोठे असतात? कोणी पंजाबचा, कोणी गुजरातचा, तर कोणी वेस्ट इंडिजचा. लिलावात बोली लागून ते एकत्र आलेले असतात, आणि आज या संघात असलेला खेळाडू पुढील वर्षी प्रतिस्पर्ध्याच्या संघातून खेळताना दिसतो. असे असूनही तो मुलगा ‘ते जिंकले’ असे न म्हणता ‘आम्ही जिंकलो’ असे म्हणतो. तो खोटे बोलतो, असे मात्र कोणीही म्हणणार नाही. संघ हरला म्हणजे त्याच्या डोळ्यांत येणारे पाणी खरे असते. त्या रात्री त्याला जेवण गोड लागत नाही, हेही खरे असते. मग ज्या संघाशी आपला वस्तुतः काहीच संबंध नाही, त्याच्यावर माणसाचा एवढा जीव कसा जडतो?

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. या प्रेमाची मुळे अनेक आहेत.

पहिले मूळ सोबतीचे. आपला आवडता संघ आपण पारखून निवडला, असे प्रत्येकास वाटते. परंतु थोडे मागे वळून पाहिले तर निराळेच दिसून येते. वडील ज्या संघाचे, थोरला भाऊ ज्या संघाचा, गल्लीतील सवंगडी ज्या संघाचे, त्याच संघाचे आपणही होऊन जातो. मातृभाषा जशी आपण निवडत नाही, ती घरातून आपसूक मिळते, तसेच पुष्कळदा संघाचेही असते. एखादा सामना एकट्याने पाहावा आणि तोच दहाजणांत बसून पाहावा. खेळ तोच असतो, पण आनंद दसपट होतो. हिंगोलीहून परभणीस निघालेल्या एस. टी. गाडीत शेजारी बसलेले दोन अनोळखी प्रवासी तासभर एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. इतक्यात एकजण दुसऱ्याच्या मोबाइलकडे पाहून विचारतो, “भाऊ, किती धावा झाल्या?” की लगेच दोघे जुन्या ओळखीचे असल्याप्रमाणे बोलू लागतात. माणसाला अन्नवस्त्राइतकीच सोबत लागते. संघ त्याला अशी सोबत सहज मिळवून देतो.

दुसरे मूळ खेळाच्या स्वभावातच आहे. नाटकाचा शेवट नाटककाराने आधीच लिहून ठेवलेला असतो. खेळाचा शेवट कोणासच ठाऊक नसतो. आपल्या भागातील यात्रांतून कुस्त्यांचा फड भरतो, तो आठवून पाहा. हलगी कडाडत असते, दोन मल्ल एकमेकांस सलामी देतात. दोघांपैकी एकासही आपण यापूर्वी पाहिलेले नसते. तरी दोन घटका लोटण्यापूर्वीच आपले मन एकाची बाजू घेते. कदाचित तो अंगाने लहान असतो, कदाचित तो आपल्या तालुक्याचा असतो. कधी कधी तर त्याच्या लंगोटाचा रंगही आपल्याला पुरेसा होतो. एकदा बाजू घेतली, की त्याने डाव टाकला म्हणजे आपल्या मुठी आवळतात आणि त्याची पाठ मातीला टेकू लागली म्हणजे आपला श्वास अडकतो. जो कोणाचीच बाजू घेत नाही, त्याला कुस्ती दिसते. जो बाजू घेतो, तो कुस्ती जगतो.

तिसरे मूळ अभिमानाचे आहे. आपल्यातील एकाने मोठे काम केले, की आपली सर्वांचीच मान उंचावते. सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे लहानसे गाव आहे. या गावचे मल्ल खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत कुस्तीमध्ये कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होते. परंतु हेलसिंकीस जाण्यासाठी त्यांच्यापाशी पुरेसे पैसे नव्हते. गावकऱ्यांनी आणि परिसरातील लोकांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपल्या या माजी विद्यार्थ्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले. पदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून लोकांनी त्यांना गावी नेले. त्या दिवशी गोळेश्वरचा एखादा शेतकरी ‘आम्ही जिंकलो’ असे म्हणाला असेल, तर त्याच्या म्हणण्यात काय वावगे होते? त्याच्या घामाचे दोन पैसे त्या पदकात होते.

मात्र, ज्यांचा विजयात दोन पैशांचाही वाटा नसतो, तेही विजयाच्या दिवशी पुढे सरसावतात. मनुष्यस्वभावातील ही गंमत रॉबर्ट सियाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह अभ्यासली आणि १९७६ साली प्रसिद्ध केली. तेथील विद्यापीठांचे फुटबॉलचे सामने शनिवारी होत. आपले विद्यापीठ जिंकले असेल, तर सोमवारी त्याचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढलेली दिसे. त्याहून मौजेची गोष्ट बोलण्यातील होती. जिंकलेल्या सामन्याविषयी विचारले असता विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ असे सांगत. हरलेल्या सामन्याविषयी सांगताना मात्र ‘ते हरले’ असे म्हणण्याकडे त्यांचा कल असे. संघ तोच, विद्यार्थी तेच. निकाल बदलताच सर्वनाम बदलले! उसन्या तेजाने उजळून निघण्याची हौस सर्वांना असते. पराभवाची सावली मात्र कोणालाच अंगावर नको असते.

ही हौस किती चंचल असते, याचा दाखला आपल्या देशातही आहे. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या क्रिकेट संघाने प्रथम वेस्ट इंडिजमध्ये आणि नंतर इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. या दोन्ही देशांत मिळविलेले हे भारताचे पहिलेच मालिकाविजय होते. संघ परतला तेव्हा मुंबईत त्याचे अपूर्व स्वागत झाले. मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या इंदूर शहरात या विजयाचे स्मारक म्हणून एक भव्य बॅट उभारण्यात आली. पुढे १९७४ साली हाच संघ, याच कर्णधाराच्या हाताखाली, इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी सामने हरला. लॉर्ड्सच्या मैदानावर तर त्याचा एक डाव अवघ्या ४२ धावांत आटोपला. त्याबरोबर इंदूरची ती बॅट संतप्त लोकांनी विद्रूप केली आणि मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी फुले उधळली, त्याच समाजातून हे दगड आले. ज्याचे प्रेम केवळ विजयावर असते, तो संघाचा चाहता नव्हे. तो विजयाचा चाहता होय.

येथवर आपण ‘आम्ही’ या शब्दाची एक बाजू पाहिली. आता दुसरी बाजू पाहावयाची आहे आणि ती अधिक गंभीर आहे.

आपल्या मराठी भाषेत एक सुंदर सोय आहे. इंग्रजीत किंवा हिंदीत जेथे एकाच शब्दावर काम भागवावे लागते, तेथे मराठीत दोन शब्द आहेत : ‘आम्ही’ आणि ‘आपण’. “आम्ही यात्रेस जाणार आहोत,” असे कोणी तुम्हांस म्हणाले, तर तुम्ही घरीच राहणार, असे समजावे. “आपण यात्रेस जाणार आहोत,” असे म्हणाले, तर पायांत वहाणा घालाव्यात. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते. ‘आपण’ त्याला आत घेते. गुजराती आणि तेलुगू या आपल्या शेजारच्या भाषांतही असा भेद आहे. संघावरील प्रेमाचा प्रारंभ बहुधा ‘आम्ही’पासून होतो. प्रश्न एवढाच असतो, की ते तेथेच थांबते की पुढे ‘आपण’पर्यंत जाते.

ते तेथेच थांबले तर काय होते, हे १९५४ सालच्या एका प्रयोगात दिसून आले. मुझफर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मुलांचे एक उन्हाळी शिबिर भरविले. शिबिरात साधारण तुमच्याच वयाची, म्हणजे अकरा-बारा वर्षांची, बावीस मुले होती. ती सर्व चांगल्या घरची, सुस्वभावी आणि एकमेकांस अपरिचित होती. त्यांचे दोन गट करून प्रथम ते एकमेकांपासून दूर ठेवण्यात आले. प्रत्येक गटाने आपले नाव ठरविले, आपला ध्वज तयार केला. एक गट झाला ‘रॅटलर्स’, दुसरा ‘ईगल्स’. त्यानंतर दोन्ही गटांमध्ये बेसबॉल, रस्सीखेच इत्यादी खेळांच्या स्पर्धा लावण्यात आल्या. पाहता पाहता खेळातील चुरस मैदानाबाहेर आली. मुले एकमेकांस वाईटसाईट नावे ठेवू लागली. एका गटाने दुसऱ्याचा ध्वज जाळला. दुसऱ्याने त्याची परतफेड केली. एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या आणि एकत्र जेवावयास बसणेही नकोसे झाले. लक्षात ठेवा, या मुलांमध्ये पूर्वीचे वैर नव्हते; धर्म, भाषा, जमीनजुमला असा कोणताही तंटा नव्हता. दोन नावे, दोन ध्वज आणि जिंकण्याची ईर्ष्या, एवढी सामग्री भांडणास पुरली.

सुदैवाने प्रयोग येथे संपला नाही. शेरीफ यांनी दोन्ही गटांस एकत्र बसवून पाहिले, परंतु नुसत्या एकत्र बसण्याने मने जुळली नाहीत; जेवणाच्या वेळी एकमेकांवर अन्न फेकण्यापर्यंत मजल गेली. मग त्यांनी दोघांपुढे एकच अडचण उभी केली. शिबिराचे पाणी बंद पडले. बिघाड शोधण्यास सर्वांचे हात लागले. पुढे अन्न आणणारी मालमोटार सुरू होईना. तेव्हा मुलांनी रस्सीखेचीचा दोर आणून तो मोटारीस बांधला आणि दोन्ही गटांनी मिळून ती ओढली. कालपर्यंत जो दोर एकमेकांविरुद्ध ओढला, तोच आज सर्वांनी एका दिशेने ओढला! शिबिर संपले तेव्हा मुलांनी एकाच बसने घरी जाण्याची इच्छा दर्शविली. आणि वाटेत एका गटाने आपल्या बक्षिसाच्या पाच डॉलरांतून सर्वांना खाऊपेय दिले. ‘आम्ही’चे कुंपण पडले आणि ‘आपण’चे अंगण मोकळे झाले.

परंतु जे एका शिबिरात तीन आठवड्यांत घडले, ते एका देशात घडण्यास कित्येक वर्षे लागतात. आपल्या महाराष्ट्राचाच इतिहास पाहा. इंग्रजी अमदानीत मुंबईस क्रिकेटचे अत्यंत लोकप्रिय सामने होत असत. त्यांत संघ पाडले जात ते गावावरून किंवा प्रांतावरून नव्हे, तर वंशावरून आणि धर्मावरून. आरंभी युरोपियन आणि पारशी यांच्यात सामने होत. १९०७ साली हिंदूंचा संघ त्यांत आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमानांच्या संघामुळे ते चौरंगी झाले. आणि १९३७ साली इतर सर्वांचा मिळून ‘शेष’ संघ घेण्यात आल्याने त्यांना पंचरंगी हे नाव मिळाले. मैदानाभोवती हजारोंची दाटी होई. प्रत्येक धर्माचा माणूस आपल्या संघासाठी ओरडे आणि दुसऱ्याच्या पराभवाने हर्षित होई. आनंद मोठा होता, पण त्याच्या पोटात दुरावा होता.

हा दुरावा दोन धर्मांतच होता असे नव्हे. एकाच संघाच्या आतही तो होता. पुण्याच्या मैदानात तयार झालेले पळवणकर बाळू हे त्या काळचे थोर गोलंदाज. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघावर विजय मिळविला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली भारतीय संघाबरोबर ते इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक गडी बाद केले. परंतु त्यांचा जन्म चर्मकार समाजात झाला होता आणि त्या काळी त्या समाजास अस्पृश्य मानले जाई. मैदानात बाळूंनी टाकलेला चेंडू सर्वांना चाले. विश्रांतीच्या वेळी मात्र त्यांना चहा तंबूबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात दिला जाई. प्रेक्षक ‘आम्ही जिंकलो’ म्हणून टाळ्या पिटीत. पण ज्याने जिंकून दिले, तोच त्या ‘आम्ही’च्या उंबरठ्याबाहेर उभा होता! एवढा पराक्रम करूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना तो मान मिळाला. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघ विजयी झाला, तेव्हा लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्यांना खांद्यावर घेताना त्या दिवशी कोणाला विटाळ आठवला नाही. खेळाने एक कुंपण, निदान काही क्षण तरी, आडवे केले.

ही हकीकत वाचताना औंढा नागनाथची एक आख्यायिका आठवल्यावाचून राहत नाही. संत नामदेव महाराज देवळापुढे कीर्तन करीत असता काही लोकांनी त्यांना तेथून उठवून देवळाच्या मागील बाजूस जावयास सांगितले. नामदेव मागे गेले आणि तेथे कीर्तन करू लागले. तेव्हा देऊळच फिरले आणि देवाने आपले मुख नामदेवांकडे केले, असे सांगतात. देऊळ खरोखर फिरले काय, हा प्रश्न बाजूस ठेवू. या कथेने शतकानुशतके लोकांना जे सांगितले, ते महत्त्वाचे आहे : माणसे ‘आम्ही’ची रेघ ओढून ज्याला मागे लोटतात, देव त्याच्याकडे तोंड फिरवितो.

पंचरंगी सामन्यांविषयीही सुज्ञ लोकांच्या मनात असाच प्रश्न उभा राहू लागला. धर्मावरून संघ पाडणे योग्य नव्हे, असे मत महात्मा गांधींनी १९४० साली व्यक्त केले. तरी सामने आणखी काही वर्षे चालू राहिले. १९४३ सालच्या अंतिम सामन्यात एका बाजूस हिंदू संघाचे विजय मर्चंट होते. त्यांनी नाबाद २५० धावा केल्या. दुसऱ्या बाजूस शेष संघात सांगलीचे विजय हजारे होते, कारण ते ख्रिस्ती होते. आपल्या संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांनी काढल्या. तरीही त्यांचा संघ हरला. दोघेही एकाच देशाचे, दोघांचे नावही ‘विजय’. पण एकाच्या पराक्रमाने दुसऱ्याच्या चाहत्यांनी खिन्न व्हावे, अशी ती व्यवस्था होती. अखेर १९४६ साली हे सामने कायमचे बंद झाले. त्याच वर्षी मर्चंट आणि हजारे एकाच भारतीय संघातून इंग्लंडमध्ये खेळले.

यापुढील गोष्ट तर प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, भारताने इंग्लंडचा पराभव करून आपला पहिला कसोटी विजय मिळविला. त्या संघाचे कर्णधार होते विजय हजारे. विनू मंकड यांनी त्या सामन्यात बारा गडी बाद केले, पॉली उमरीगर यांनी शतक झळकाविले आणि गुलाम अहमद यांनीही गोलंदाजीत आपला वाटा उचलला. एक ख्रिस्ती, एक हिंदू, एक पारशी आणि एक मुसलमान. काही वर्षांपूर्वीच्या रीतीने हे चौघे चार निरनिराळ्या संघांत विभागले गेले असते. आता ते एका संघात होते आणि त्यांचा विजय साऱ्या देशाचा होता. ‘आम्ही’ची चार घरे मोडून ‘आपण’चा एक वाडा उभा राहिला होता.

मग ‘आपण’ हा शब्द देशाच्या सीमेपाशी थांबतो काय? या प्रश्नाचे उत्तर चेन्नईच्याच प्रेक्षकांनी १९९९ साली दिले. जानेवारीच्या अखेरीस तेथे भारत आणि पाकिस्तान यांच्यात कसोटी सामना चालू होता. विजयासाठी भारताला २७१ धावा हव्या होत्या. पाठदुखीने बेजार झालेल्या सचिन तेंडुलकर यांनी १३६ धावा करून विजय अगदी दृष्टिपथात आणला. परंतु ते बाद झाले, पाठोपाठ उरलेले गडीही गेले आणि भारत अवघ्या १२ धावांनी हरला. क्षणभर मैदान सुन्न झाले. आणि मग पाकिस्तानचे खेळाडू मैदानास फेरी मारू लागताच ते हजारो प्रेक्षक उभे राहिले आणि त्यांनी विजेत्यांसाठी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांचे आपल्या संघावरील प्रेम कमी होते काय? मुळीच नव्हे, कित्येकांच्या डोळ्यांत पाणी असेल. परंतु उत्तम खेळ हा पाहणाऱ्या साऱ्यांचा असतो, हे त्यांना कळले होते. प्रतिस्पर्धी नसेल तर खेळच होणार नाही. म्हणून प्रतिस्पर्धी हाही खेळातील भागीदारच होय, ही जाण त्या टाळ्यांत होती.

तात्पर्य, संघावर जीव जडणे ही वेडेपणाची गोष्ट नव्हे. माणसाला एकटे राहवत नाही. आपल्याहून मोठ्या अशा कशात तरी आपण सामील व्हावे, असे त्याला मनापासून वाटते. संघ त्याची ही भूक भागवितो. खेड्यातील मुलाला तो महानगराशी जोडतो, नातवाला आजोबांशी बोलावयास विषय देतो आणि अनोळखी माणसांना घटकाभर सोबती करतो. हे थोडे नव्हे. परंतु जे प्रेम जोडते, तेच अविचाराने वापरले तर तोडते.

तेव्हा आपण चांगले चाहते आहोत की नाही, हे पाहण्यासाठी प्रत्येकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. आपला संघ हरला, त्या दिवशीही मी ‘आम्ही हरलो’ असे म्हणतो काय? माझ्या ‘आम्ही’मधून मी कोणाला जातीमुळे, धर्मामुळे, भाषेमुळे किंवा गरिबीमुळे बाहेर ठेवीत नाही ना? आणि दुसऱ्या संघाने सुंदर खेळ केला, तर माझे हात टाळीसाठी उठतात काय? शाळेच्या मैदानावर कबड्डीचा साधा डाव असो, की जगाने पाहिलेला अंतिम सामना असो, हे तीन प्रश्न सारखेच लागू पडतात. ज्याला तिन्हींची उत्तरे प्रामाणिकपणे देता येतात, त्याने खुशाल ओरडावे, “आम्ही जिंकलो!” त्याच्या तोंडचा ‘आम्ही’ कोणालाही बोचणार नाही.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) संघावरील प्रेमाची कोणती तीन मुळे लेखकाने सांगितली आहेत?
(आ) गोळेश्वरच्या लोकांना ‘आम्ही जिंकलो’ असे म्हणण्याचा अधिकार का होता?
(इ) शिबिरातील दोन गटांचे वैर कशामुळे नाहीसे झाले?

२. कारणे लिहा.
(अ) १९४३ साली विजय मर्चंट आणि विजय हजारे निरनिराळ्या संघांतून खेळले.
(आ) इंदूरची बॅट १९७४ साली विद्रूप करण्यात आली.

३. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या शब्दांतील अर्थभेद तुमच्या शब्दांत सांगा. प्रत्येक शब्द वापरून दोन-दोन वाक्ये तयार करा.

४. पुढील शब्दप्रयोगांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : जीव जडणे, मान उंचावणे, उसन्या तेजाने उजळणे, उंबरठ्याबाहेर ठेवणे.

५. पळवणकर बाळू यांची हकीकत आणि औंढा नागनाथची आख्यायिका यांत तुम्हांस कोणते साम्य दिसते? दहा ओळींत लिहा.

६. तुमच्या घरातील वडील मंडळींना त्यांचा आवडता संघ किंवा खेळाडू कोणता आणि तो का आवडू लागला, हे विचारा. त्यांनी सांगितलेली हकीकत वहीत लिहून वर्गात वाचून दाखवा.